घंटांची टोपरी

"हात मिळवला होतास तू तिच्याशी, रोलंड! आईला पोचवून आलो त्याच दुपारी, ह्याच टेबलापाशी, अर्ध्या गावादेखत!"

हेस्टरचा आवाज एवढा चढला की खिडकीबाहेरच्या भिंतीवर ऊन खात पडलेलं शेजारचं मांजर उडी मारून थेट शेजारच्या चर्चच्या कबरस्तानात पळालं. रोलंड मात्र जागचा हलला नाही. त्यानं किटलीतून कपात चहा ओतला, वरून दूध घातलं, चमचा फिरवला आणि मग म्हणाला, "मिळवला होता. नाही कोण म्हणतंय? पण हात मिळवणं म्हणजे खरेदीखत नव्हे. वकिलाला विचार. दोन्हीकडचे कागद सह्या होऊन इकडचे तिकडे जाईपर्यंत ह्या देशात कुणी कुणाला बांधील नसतं."

"वकिलाला कशाला विचारू? मी तुला विचारतेय."

"मग ऐक. लँगलींनी जास्त देऊ केलेत. बरेच जास्त. मी हो म्हणून टाकलंय. चार वाजता येतायत दोघं, पडद्यांची मापं घ्यायला."

पडद्यांची मापं! आईचे पडदे अजून खिडक्यांवर होते, तिच्या हातची शिलाई असलेले, आणि हा खुशाल चहा ढवळत दुसऱ्यांच्या पडद्यांची मापं काढायला निघाला होता. हेस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. आज सगळे जमले होते ते घर आवरायला. सकाळपासून खोकी भरली जात होती. क्लाइव्ह, तिघा भावंडांतला धाकटा, बाकावर बसून बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होता. रोलंडची बायको लॉरेन साखरेचं चांदीचं भांडं उजेडात धरून त्याच्या बुडाचा ठसा वाचत होती. आईची धाकटी बहीण नेस्टामावशी आईच्या खुर्चीत कोट न काढता, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. आणि मोरीपाशी सगळ्यांकडे पाठ करून मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या घासत होती टॅमसिन, हेस्टरची मुलगी, जिच्याशी हात मिळवला होता ती.

टॅमसिन एक शब्द बोलली नव्हती. फक्त एकच बरणी ती मघापासून घासत होती.

तिला बोलायला तरी काय उरलं होतं? गल्लीच्या टोकाचं जे घर ती भाड्यानं घेऊन राहत होती, ते मालकाला आता सुट्टीतल्या पाहुण्यांना द्यायचं होतं. सप्टेंबरअखेर चालते व्हा, म्हणाला. नेदरकोम गावात भाड्याचं दुसरं घर नाही, म्हणजे औषधालाही नाही. जी होती ती सगळी अशीच आठवड्याच्या पाहुण्यांना गेली होती, दाराशी लव्हेंडरच्या कुंड्या आणि आत कुणी नाही. आणि टॅमसिनचं काम काय, तर बार्टनच्या गोठ्यावर पहाटेची धार. शहरात खोली घेऊन ती दोन पोरांना झोपेतून उठवणार कधी आणि गाईंपर्यंत पोचणार कधी? आजीचं हे स्टाइल कॉटेज म्हणजे तिचा एकच आधार होता. बँकेला हातापाया पडून, नवऱ्याची गाडी विकून तिनं कर्ज मंजूर करून घेतलं होतं. पोरांनी माळ्यावरची खोली आपसात वाटूनसुद्धा घेतली होती.

"तिसरा हिस्सा तुझाही आहे, हेस्टर," लॉरेन भांडं खाली ठेवत म्हणाली. "जास्त आले तर तुलाही जास्तच येणार. एवढं फणकारायला काय झालं?"

"माझा हिस्सा घाल चुलीत, लॉरेन! माझ्या पोरीला शब्द दिलाय तुझ्या नवऱ्यानं."

"शब्दावर छप्पर शाकारलं जात नाही," रोलंड म्हणाला. आता त्याचाही आवाज कडक झाला. "तीस वर्षं ह्या छपरावर मी चढलो. तू आईला जेवू घातलंस, कबूल. मी तिच्या डोक्यावर पाणी गळू दिलं नाही. आता त्या कष्टाचं मोल येतंय तर ते भाचीसाठी सोडून देऊ? आणि लँगली माणसं काही वाईट नाहीत. सभ्य आहेत. बागेची हौस आहे."

"क्लाइव्ह," हेस्टर धाकट्याकडे वळली, "तू तोंड उघडणार आहेस का?"

सगळं क्लाइव्हपाशीच अडत होतं. आईनं मृत्युपत्रात दोन्ही मुलग्यांना कारभारी नेमलं होतं. तिच्या पिढीला ते साहजिकच वाटलं असणार. शेवटची वर्षं तिला न्हाऊ घालायला, रात्री-अपरात्री उठवायला लेक, आणि सही करायला मुलगे! ह्या गोष्टीचा राग हेस्टरनं आईवर कधी काढला नव्हता, पण तो गेलाही नव्हता. विक्रीला दोघांची सही लागणार, आणि क्लाइव्हनं आजवर मोठ्या भावाला कशाला नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे... एका अर्थी रोलंडचं बरोबर आहे," क्लाइव्ह बशीशी बोलल्यासारखा म्हणाला.

"आणि दुसऱ्या अर्थी?"

"दुसऱ्या अर्थी तुझं."

"जन्मला तेव्हाही हा असाच," नेस्टामावशी म्हणाली. "बाहेर यावं की आतच बरं, दोन दिवस ह्याचं ठरत नव्हतं. आयरिसचा जीव खाल्ला."

टॅमसिननं नळ बंद केला. "रोलंडमामा," ती मागे न वळता म्हणाली, "त्या साहेबांना म्हणे फार शांतता लागते. दुकानात बोलत होते."

"हो. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रण करतात ते. आंधळ्यांसाठी, गाडीत ऐकणाऱ्यांसाठी. बागेतल्या शेडमध्ये करणार म्हणतात."

"चर्चच्या भिंतीला लागून आहे ती शेड."

"मग? त्यांनी स्वतः येऊन, उभं राहून ऐकून खात्री करून घेतलीय." रोलंडनं लॉरेनकडे पाहिलं आणि कप उचलला. "पुरे आता. कामं पडलीत."

हेस्टर ताडकन उठली ती जिन्याखालच्या कपाटाकडेच गेली. तिथं बसून निदान भावाचं तोंड तरी दिसणार नव्हतं. कपाट तिनंच रिकामं करायचं असं ठरलं होतं, कारण त्यात काय आहे ते तिलाच ठाऊक. झाडू, कंदील, सफरचंदांच्या टोपल्या, आणि तळाशी ती ओकची चपटी पेटी.

पेटीत टोपरी असायची. चर्चच्या सहा घंटांची टोपरी. कुणी गेलं की घंटेच्या लोलकाला एका अंगानं चामड्याची गादी पट्ट्यानं बांधतात, म्हणजे एक टोला खणखणीत पडतो आणि पुढचा दुरून आल्यासारखा, दबका. गावात त्या गाद्यांना टोपरीच म्हणत. अंत्यविधी झाला की संध्याकाळी ती उतरायची, ह्या घरात यायची आणि पॅडफील्डांच्या, म्हणजे ह्या घरच्या, बायकांनी त्यांना तेल चोळून पेटीत ठेवायचं, हे आजीच्या आजीपासून चालत आलेलं. पुरुषांनी वाजवायच्या, बायकांनी तेल लावायचं. पुढे बायकाही वाजवू लागल्या, हेस्टर स्वतः दुसरी घंटा वाजवायची, तरी तेल लावणं काही पुरुषांकडे गेलं नाही.

पेटी रिकामी होती. तसं तिला ठाऊकच होतं. ती रिकामी पेटी मांडीवर घेऊन हेस्टर जमिनीवरच बसली आणि तिचे डोळे भरून आले.

आईसाठी बांधलेली टोपरी घंटांवरून उतरलीच नव्हती. रोलंडच तसं म्हणाला होता, त्याच आठवड्यात, दारात टोपी हातात घेऊन उभा राहून. "वाजवणाऱ्या मंडळींना राहवत नाही गं. आयरिसची टोपरी इतक्यात काढायची नाहीत म्हणतात. घर रिकामं होईपर्यंत राहू देत." हेस्टर तेव्हा दाराला धरून रडली होती. अंत्यविधीला घरच्यांनी दोराला हात लावायचा नाही अशी रीत. रोलंड आणि क्लाइव्ह नंतर पुन्हा वाजवायला जाऊ लागले, तिला काही धीर होत नव्हता. पण दर मंगळवारी सरावाच्या वेळी ती आपल्या घरच्या मागच्या दारात जाऊन उभी राहायची. आईसाठी सगळं गाव दबक्या आवाजात बोलतंय असं तिला वाटायचं. एकदा तर तिनं मोठा प्लमचा केक करून रोलंडच्या हाती मनोऱ्यावर पाठवला होता.

भांडण कितीही होवो, ह्या एका गोष्टीसाठी आभार मानायला हवेत, असं तिच्या मनात आलं. ती पेटी घेऊन स्वयंपाकघरात गेली.

"क्लाइव्ह, मंडळींना सांग, आता पुरे झालं. टोपरी उतरवा म्हणावं. तुम्ही सगळ्यांनी आईसाठी जे केलंत ना, ते मी जन्मात विसरणार नाही."

क्लाइव्हनं मान वर केली. "आम्ही? आम्ही काय केलं? तू सांगितलंस म्हणून ठेवली."

"मी?"

"तूच ना! रोलंड म्हणाला, हेस्टर रडून रडून अर्धी झालीय, तिची एवढी एक इच्छा आहे. म्हणून तर कुणी हूं की चूं केलं नाही. दोन्ही अंगांना बांधायची म्हटल्यावर जरा कुजबुज झाली, पण—"

"दोन्ही अंगांना?"

"तूच म्हणालीस म्हणे. म्हातारा विगमोर म्हणाला, दोन्ही अंगांना फक्त राजासाठी नाहीतर पाद्र्यासाठी बांधतात. पण तुझा केक आला, मग तोही गप्प बसला."

हेस्टरच्या हातातली पेटी टेबलावर आदळली. मंगळवारी मागच्या दारात उभी असताना तिला वाटायचं खरं, की तो खणखणीत टोला ऐकूच येत नाहीये. सगळेच टोले कुणीतरी उशीत बुक्की मारल्यासारखे. तिला वाटलं, रडून रडून आपलेच कान गच्च झालेत.

"रोलंड," ती म्हणाली. आवाज अगदी खाली आला होता. "मला तू सांगितलंस ही मंडळींची इच्छा. मंडळींना सांगितलंस ही माझी इच्छा. मग ही इच्छा नक्की कुणाची?"

रोलंडनं रिकामा कप पुन्हा उचलला. बोलली लॉरेन, आणि तिला वाटलं, आपण नवऱ्याची बाजूच घेतोय. "अगं, पण काय करणार होता तो? त्या लँगलींना नेमकं मंगळवारीच यायचं होतं! सराव किती मोठ्यानं होतो ते ऐकायचं होतं त्यांना. रविवारीही आले, मग पुन्हा मंगळवारी. गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं का?"

नेस्टामावशीनं पर्सचा खटका उघडला आणि मिटला.

"माझं रडं विकलंस तू," हेस्टर म्हणाली. "आईचं सुतक विकलंस! मी तिथं दारात उभी राहून डोळे पुसतेय, आणि भिंतीपलीकडे तू गिऱ्हाईकाला सांगतोयस, बघा कशा शांत घंटा आहेत आमच्या!"

"कुणाचं काय बिघडलं त्यात?" रोलंड उसळला. "सही झाली की उतरवणारच होतो."

"सही झाली की! म्हणजे ते बिचारे खोकी उतरवणार आणि पहिल्याच मंगळवारी डोक्यावर घण!"

"तो त्यांचा प्रश्न. बाजार आहे हा. त्यांनी तरी आपल्याला काय काय सांगितलंय कुणास ठाऊक. आणि तू केकच केलास ना फक्त? जमीन तर विकली नाहीस?"

"तो केक तुझ्या घशात अडकायला हवा होता!" हेस्टरनं हात पुढे केला. "मनोऱ्याची किल्ली दे."

"देणार नाही."

"किल्ली दे, रोलंड."

"वाजवणाऱ्यांचा प्रमुख मी आहे. मनोऱ्यात कोण जाणार, कोण नाही, ते मी ठरवतो. चारला माणसं येतायत. त्याआधी त्या घंटांना कुणी हात लावायचा नाही." त्यानं किल्ली विजारीच्या खिशात घातली आणि वरून खिसा दाबला, शाळकरी पोरासारखा.

बाकावर वर्तमानपत्र खसखसलं. क्लाइव्ह उभा राहिला होता. हातात अर्धवट गुंडाळलेली बशी तशीच. "आज शनिवार आहे," तो म्हणाला.

"बरं मग?"

"शनिवारी घड्याळाला चावी मी देतो. माझ्याकडे किल्ली आहे."

"खाली बस, क्लाइव्ह."

आणि क्लाइव्ह बसलाही! त्या आवाजावर बसायची त्याला चाळीस-पन्नास वर्षांची सवय. मनोऱ्यात रोलंड हाक देणार आणि क्लाइव्हनं त्याबरहुकूम दोर ओढायचा, शेतातही तेच, घरातही तेच. हेस्टरच्या तोंडून निराशेचा सुस्कारा निघाला. पण क्लाइव्हचे कान लालभडक झाले होते. त्यानं बशी बाजूला ठेवली आणि तो पुन्हा उठला.

"मी सगळ्यात मोठी घंटा वाजवतो," तो रोलंडला म्हणाला. शब्द एकेक करून बाहेर येत होते. "दर मंगळवारी मी ती ओढताना आईला मनातल्या मनात काय काय सांगत होतो. आणि तू माझ्या समोर उभा राहून हाका देत होतास. तुला सगळं माहीत होतं. लाज नाही वाटली तुला? मला वेडा ठरवलंस?"

"क्लाइव्ह, जरा—"

"नाही बसणार मी!"

नेस्टामावशीनं खुर्चीच्या हातावर थाप मारली. "ठरलं बाई एकदाचं ह्याचं. आयरिस असायला हवी होती."

हेस्टरनं अंगावरचा एप्रनही सोडला नाही, तशीच दाराकडे निघाली. मध्ये टॅमसिन येऊन उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि चेहरा पांढराफटक.

"आई, माझ्यासाठी करत असशील तर नको. घंटा बडवून माणसं पळवून लावली आणि घर घेतलं, असं गाव आयुष्यभर बोलेल. ते घर मला नको. त्यापेक्षा मी जाईन शहरात."

"तुझ्यासाठी नाही करत," हेस्टर म्हणाली, आणि बोलताना तिला कळलं की हे अगदी खरं आहे. "घर लँगली घेवोत, नाहीतर कुणीही घेवो. पण माझ्या आईच्या नावानं खोटं टांगलंय तिथं वर. ते मी आज उतरवणार."

टॅमसिननं क्षणभर आईकडे पाहिलं. मग हात फडक्याला पुसले. "मी पण येते. तुझे गुडघे शिडीवर चढायचे नाहीत."

गुडघे चढले. कुरकुरत का होईना, चढले. घंटांच्या माळ्यावर पाखरांची विष्ठा आणि जुन्या लाकडाचा वास होता. क्लाइव्ह एकेका घंटेखाली आडवा होऊन पट्टे सोडत गेला आणि टोपरी हेस्टरच्या हातात देत गेला. दोन्ही अंगांना, खरंच दोन्ही अंगांना बांधलेली. गावातली सहा पुरली नव्हती म्हणून दुसऱ्या अंगाला रोलंडनं जुन्या खोगिराचे तुकडे कापून लावले होते, चांगले दुहेरी टाके घालून. केवढा उद्योग! आईच्या कबरीवरची माती अजून बसली नाही, आणि हा घरी बसून दाभणानं चामडं शिवत होता! हेस्टरनं सगळी एप्रनच्या खिशात कोंबली. तेल न लागल्यानं ती वाळून कडक झाली होती.

खाली दोरांशी येऊन तिघं उभी राहिली. छोटी घंटा टॅमसिनकडे, दुसरी हेस्टरकडे, सगळ्यात मोठी क्लाइव्हकडे. आई गेल्यापासून हेस्टरनं दोराला हात लावला नव्हता. दोरावरची लोकरी गुंडाळी तळहातात आली आणि तिला आई आठवली. पण रडायचं सगळं रडून झालं होतं, तेही फुकट. तिनं दोर ओढला.

पहिला टोला पडला तो असा स्वच्छ की तिघांनीही दचकून एकमेकांकडे पाहिलं. मग क्लाइव्हची मोठी घंटा बोलली आणि दगडी जमीन पायाखाली थरारली. सगळ्या गावावरून आवाज गेला असणार. बार्टनच्या गाईंनी माना वर केल्या असणार. हेस्टर दात-ओठ खाऊन ओढत होती, दर टोल्याला रोलंडला एकेक शिवी देत होती, मनातल्या मनात, कारण शेवटी चर्च ते चर्च.

किती वेळ वाजवलं कुणास ठाऊक. दारात माणसं उभी आहेत हे टॅमसिननं आधी पाहिलं. "थांबा," ती म्हणाली, आणि एकेक करून घंटा थांबल्या.

पुढे एक उंच, किडकिडीत गृहस्थ होते, हातात मोजायची फीत. त्यांच्याशेजारी निळा कोट घातलेली त्यांची बायको. आणि त्यांच्या मागे, धापा टाकत, रोलंड.

"माफ करा, मध्येच आलो," ते गृहस्थ फार अदबीनं म्हणाले. आवाज खरंच सुरेख होता, पुस्तक वाचून दाखवणाऱ्याला शोभेलसा. "मी ह्यूगो लँगली. हे... नेहमी असंच वाजतं का?"

"असंच वाजतं," हेस्टर म्हणाली. "मंगळवारी संध्याकाळी सराव, रविवारी सकाळी प्रार्थनेआधी, लग्न असलं तर शनिवारी दुपारीसुद्धा. तुम्ही ऐकलंत ते हे नव्हतं. तेव्हा ह्यांची तोंडं बांधलेली होती." तिनं खिशातून टोपरी काढून दाखवली.

"कशासाठी?"

"आमची आई वारली म्हणून. निदान मला तसं सांगितलं होतं."

लँगलींनी टोपऱ्यांकडे पाहिलं, मग रोलंडकडे. रोलंड म्हणाला, "तात्पुरतं होतं ते. कौटुंबिक कारण. मी सांगणारच होतो."

"केव्हा?" हे त्या बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात अदब-बिदब काही नव्हती. "आम्ही मुद्दाम मंगळवारी आलो होतो. दोनदा! तुम्ही आमच्याशेजारी उभं राहून म्हणालात, ऐका, ह्याच आमच्या घंटा. मी परत जाताना गाडीत ह्यूगोला म्हटलं, किती दमल्यासारख्या वाजतात बिचाऱ्या."

"फ्रेया," लँगली म्हणाले.

"थांब तू! मला घंटा आवडतात. मला ह्या घंटासुद्धा आवडल्या. तुझी शेड आपण दुसऱ्या टोकाला बांधली असती. पण ह्या माणसानं आणखी काय काय बांधून ठेवलंय? छपराला काय बांधलंय? सांडपाण्याच्या नळाला काय बांधलंय?" मग त्या हेस्टरकडे वळल्या आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुमच्या आईचं ऐकून वाईट वाटलं. खरंच."

"आभारी आहे," हेस्टर म्हणाली. ह्या बाईचा तिनं सकाळपासून इतका राग राग केला होता, आणि आता तो ठेवायला जागा सापडेना.

लँगलींनी फीत गुंडाळून खिशात टाकली. "आम्ही विचार करून कळवतो, मिस्टर पॅडफील्ड," ते म्हणाले, आणि हलकेच मान लववून बायकोला घेऊन बाहेर पडले. ह्या मुलखात असं म्हणून गेलेला माणूस परत कळवायला येत नाही, हे तिथल्या चौघांनाही ठाऊक होतं. फाटकाबाहेर गाडी सुरू झाली आणि टेकडीकडे गेली.

"झालं समाधान?" रोलंड म्हणाला. "घातलंत सगळ्यांचं वाटोळं."

"ते परत आले ना, तरी माझी सही मिळणार नाही," क्लाइव्ह म्हणाला. मोठ्या घंटेचा दोर त्यानं अजून सोडला नव्हता. "आईनं दोघांना नेमलंय. हे आजवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

रोलंड भिंतीशी टेकला. दारातून स्टाइल कॉटेजचं अंगण दिसत होतं. लॉरेन तिथं गाडीत एकटीच जाऊन बसली होती. त्यानं तिकडे पाहिलं. हेस्टरला वाटलं, आता तरी म्हणेल, चुकलो. एवढंच म्हणाला असता तरी तिनं त्याला निम्मं माफ केलं असतं. पण पॅडफील्डांच्या पुरुषांना तो शब्द कुणी शिकवलाच नव्हता.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "आधी ठरलं होतं त्याच भावात. टॅमसिन, घर तुझं." आणि त्यानं हात पुढे केला.

दोरानं घट्टे पडलेला, रुंद हात. त्याच हातानं त्यानं टॅमसिनला, ती खोक्यावर उभी राहायची तेव्हा, दोर कसा धरायचा ते शिकवलं होतं. टॅमसिननं त्या हाताकडे पाहिलं. तिचा स्वतःचा हात कमरेशी जरासा हललाही. सकाळपासून तिला हवं होतं ते समोर होतं. पोरं, माळ्यावरची खोली, धारेची वेळ, सगळं.

"हात नको, मामा," ती म्हणाली. "सोमवारी वकिलाकडे या. सही करून द्या."

रोलंडचा हात तसाच हवेत राहिला. लेकीला घर मिळालं, पण मामाच्या हातात हात द्यायला ती पोर आता कधीच धजणार नव्हती, आणि हे नुकसान ह्या माणसानं परक्यांच्या पडद्यांच्या मापांसाठी करून ठेवलं होतं. तिचा संताप परत तसाच उसळून आला. तिनं खिशात हात घातला, टोपरी काढली, आईची आणि खोगिराची, सगळी, आणि त्याच्या त्या रिकाम्या हातात कोंबली.

"वाळलीत," ती म्हणाली. "तेल चोळून आण. पेटी माझ्याकडे आहे."